खोटे बोलणारे काटे



ऊसतोडीच्या दिवसांत एखाद्या संध्याकाळी पाटसला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढीत एकामागून एक ट्रॅक्टर जाताना दिसतील. त्या ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांकडे नीट लक्ष द्या. ब्रेक दाबला की ब्रेकचा लाल दिवा लख्ख लागायला हवा. पण एखाद्या ट्रॉलीवर तो नुसताच मिणमिणतो; आणि वळण्याची खूण करणारा पिवळा दिवा, त्याचे बटण कोणी दाबलेले नसतानाही, त्याच्याबरोबर मिणमिणू लागतो. ब्रेक सोडला की दोन्ही विझतात. अशी ट्रॉली गॅरेजात नेली, तर जाणता मिस्त्री बल्बला हात लावत नाही. तो ट्रॉलीचा हुक आणि त्यातली पिन पाहतो आणि म्हणतो, "अर्थ गेलाय."

तुकोबांची पालखी पाटसहून रोटी घाट चढून ज्या रस्त्याने जाते, तो रस्ता पुढे बारामतीला पोचतो. बारामतीला विमानतळ आहे आणि तेथे वैमानिक होऊ इच्छिणारी मुले-मुली छोट्या विमानांवर शिक्षण घेतात. एका इंजिनाचे, दोन किंवा चार माणसांचे हे विमान. त्याच्या चालकापुढच्या फळीवर इंजिनाची प्रकृती सांगणारे काटे असतात. हे काटे जेव्हा वेड्यासारखे हलू लागतात, तेव्हा विमानाचा अभियंता ज्या रीतीने विचार करतो, ती रीत आणि पाटसच्या मिस्त्रीची रीत एकच आहे. ती आज आपण शिकू या.

काट्यापर्यंत निरोप कसा पोचतो?

इंजिन पुढे, चालक मागे आणि दोघांच्या मध्ये आगीला अडवणारी धातूची भिंत. इंजिन किती तापले हे चालकाला हात लावून पाहता येत नाही. म्हणून इंजिनावर ठिकठिकाणी संवेदक बसवलेले असतात. संवेदक तापमानाचे किंवा दाबाचे रूपांतर विजेच्या संकेतात करतो. तो संकेत तारेने मापकाकडे जातो आणि मापकाचा काटा हलतो.

इंजिनातल्या तेलाचे तापमान मोजण्यासाठी बहुधा असा पदार्थ वापरतात, की ज्याचा विद्युत् रोध तापमानाबरोबर बदलतो. तेलाच्या दाबासाठीही पुष्कळदा दाबाबरोबर रोध बदलणारा संवेदक असतो. अशा साध्या संवेदकाला एकच तार असते. मग मंडल पूर्ण कसे होते? संवेदकाचे धातूचे अंग इंजिनात घट्ट पिळून बसवलेले असते. परतीचा प्रवाह इंजिनाच्या धातूतूनच जातो. इंजिनाचे धातूचे अंग हीच त्याची दुसरी तार! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हेच घडते. पुष्कळ ट्रॉल्यांत दिव्यांचा परतीचा प्रवाह सांगाड्यातून, हुक आणि पिनेतून ट्रॅक्टरकडे जातो.

सिलिंडर हेडचे तापमान मात्र तापयुग्माने, म्हणजे थर्मोकपलने मोजतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले, की मंडलात वीज निर्माण होते, हे थॉमस सेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली दाखवले. ही वीज अगदी अल्प असते. क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या युग्मात दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. सिलिंडर हेड २०० अंशांवर आणि तारांचे दुसरे टोक ३० अंशांवर असेल, तर १७० अंशांच्या फरकाचे मिळून सुमारे ७ मिलिव्होल्ट होतात. टॉर्चच्या एका सेलचे १.५ व्होल्ट घेतले, तर त्याच्या दोनशेव्या भागाइतका हा संकेत झाला. एवढ्या नाजूक आवाजात इंजिन आपली हकिगत सांगत असते.

गंमत अशी, की जॉर्ज ओह्म याने विभवांतर, प्रवाह आणि रोध यांचा संबंध शोधताना १८२६ साली तापयुग्मच वापरले होते. त्या वेळच्या विद्युत् घटांचा प्रवाह स्थिर राहत नसे. म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ यांच्या युग्माचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवून स्थिर विभवांतर मिळवले. आज आपल्याला लागणारे दोन्ही धडे, तापयुग्म आणि ओह्मचा नियम, त्या एकाच टेबलावर होते.

एक कोडे

आता असे समजा, की एका छोट्या विमानाच्या वहीत चालकाने पुढील तक्रार लिहिली आहे :

१) उड्डाणात तेलाच्या तापमानाचा काटा मधूनमधून १५ अंशांनी वर उडी मारतो आणि परत येतो.
२) त्याच वेळी तेलाच्या दाबाचा काटाही थरथरतो.
३) एका सिलिंडर हेडचे तापमान क्षणात १८० वरून २८० अंशांवर गेले आणि लगेच खाली आले.
४) इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा स्थिर. आवाजही एकसारखा.
५) उतरण्याचा मोठा दिवा लावला, की काट्यांच्या उड्या वाढतात.
६) गेले काही दिवस स्टार्टर थोडा मंद फिरतो.

पुढे वाचण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा आणि दोष कोठे असेल याचा तुमचा अंदाज कागदावर लिहा.

पहिला प्रश्न : इंजिन बिघडले की निरोप बिघडला?

तिसरी नोंद घ्या. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्याचे वस्तुमान ५ किलोग्रॅम धरू. अॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता सुमारे ९०० ज्यूल दर किलोग्रॅम दर अंश. तापमान १०० अंशांनी वाढवायला लागणारी उष्णता :

५ × ९०० × १०० = ४,५०,००० ज्यूल.

हे एका सेकंदात घडले असेल, तर शक्ती झाली ४५० किलोवॉट. १६० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात असताना सुमारे १२० किलोवॉट काम देते. इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण चौथा हिस्सा कामी येतो असे धरले, तर चारही सिलिंडरांत मिळून दर सेकंदाला सुमारे ४८० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे जवळजवळ सगळ्या इंजिनाची आग एकाच सिलिंडरच्या डोक्यात शिरली पाहिजे, आणि पुढच्या सेकंदाला तितकीच बाहेर पडली पाहिजे! हे अशक्य आहे. काट्याने उडी मारली. धातूने मारलेली नाही. निरोप खोटा आहे.

पाहा, एकही स्क्रू न काढता, केवळ उष्णतेच्या धड्यावरून आपण एवढे ठरवले. मात्र ही कसोटी सर्वत्र लावू नका. बाहेर जाणाऱ्या धुराचे तापमान मोजणारी सळई बारीक असते, ती भराभर तापते आणि निवते. तेलाचा दाब तर नळी फुटली तर खरोखरच क्षणात शून्यावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक काट्याबद्दल आधी विचारावे, "ज्याचे तू मोजमाप सांगतोस, ते इतक्या वेगाने बदलू शकते का?"

दुसरा प्रश्न : एक काटा की अनेक?

समजा, एकाच सिलिंडरचा काटा वेडावाकडा असता आणि बाकीचे शहाण्यासारखे वागत असते. मग अदलाबदलीची युक्ती करतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे संवेदक एकमेकांच्या जागी बसवायचे, तारा मात्र जिथल्या तिथे ठेवायच्या. आता खोड तिसऱ्या सिलिंडरच्या काट्याकडे गेली, तर दोष संवेदकात. ती दुसऱ्याकडेच राहिली, तर संवेदक निर्दोष. मग दोष तारेत, जोडणीत, मापकात किंवा खुद्द त्या सिलिंडरात. पुढच्या पायरीला मापकाच्या मागे तारांची अदलाबदल करायची. प्रत्येक अदलाबदलीबरोबर संशयाचे क्षेत्र अर्ध्याने आवळत जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र मोडायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि खोड गेली, तर कोणत्या बदलाने गेली हे कळणार नाही.

तापयुग्माच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. तुटलेली तार साध्या तांब्याच्या तारेने जोडून चालत नाही. तापयुग्माच्या तारा वेगळ्या धातूच्या असतात. मध्ये तांबे आले की त्या जोडापाशी नवीच युग्मे तयार होतात आणि जोडाचे तापमान बदलले की काटा चुकतो. दोन तारा उलट जोडल्या, तर तापमान वाढताना काटा खाली येतो!

पण आपल्या कोड्यात काटे अनेक आहेत. तेलाच्या तापमानाचा, दाबाचा आणि सिलिंडर हेडचा, असे तीन वेगळे संवेदक एकाच दिवशी बिघडतील हे संभवत नाही. तीन विद्यार्थ्यांना एकदम पोटदुखी झाली, तर डॉक्टर तिघांची पोटे नंतर तपासतो, आधी विचारतो, "तिघांनी मिळून काय खाल्ले?" आपणही तेच विचारू : या तिन्ही संवेदकांत सामाईक काय आहे?

फेऱ्यांचा काटा स्थिर होता, हे आठवा. पुष्कळ जुन्या छोट्या विमानांत तो काटा विजेवर चालत नाही. इंजिनापासून आलेली लवचीक केबल त्याला फिरवते. आपल्या विमानात तसेच आहे असे धरू. म्हणजे विजेवर चालणारे काटे बिघडले, न चालणारा शाबूत. सामाईक गोष्ट विजेच्या वाटेत आहे.

तिसरा प्रश्न : केव्हा?

दिवा लावला की उड्या वाढतात, ही सर्वांत मोलाची नोंद. येथे वहीत एक आकृती काढा. इंजिनावर अल्टरनेटर आहे. त्याच्या धन टोकापासून प्रवाह निघतो, दिवे आणि रेडिओ यांतून जातो, विमानाच्या सांगाड्यात उतरतो. पण त्याला घरी, म्हणजे अल्टरनेटरच्या ऋण टोकाकडे, परत जायचे आहे, आणि अल्टरनेटर तर इंजिनाला बसवलेला आहे. इंजिन थरथरते म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर टेकवलेले असते, आणि रबर विद्युत् रोधक आहे. म्हणून सांगाड्यापासून इंजिनापर्यंत विणलेल्या तांब्याच्या तारांची एक पट्टी जोडलेली असते. अल्टरनेटर चालू असताना दिव्यांचा, रेडिओचा, सगळ्यांचा परतीचा प्रवाह या पट्टीतून जातो. आणि आपल्या संवेदकांचा निरोपही हीच पट्टी धरून येतो. ट्रॉलीची हुक-पिन ती हीच!

आता ओह्मचा नियम लावा. पट्टी चांगली असेल, तर तिचा रोध जोडांसकट सुमारे ०.००१ ओह्म धरू. ३० अँपिअर प्रवाह असला, तर विभवांतर ३० × ०.००१ = ०.०३ व्होल्ट. दुर्लक्ष करण्याजोगे. पण पट्टीचा बोल्ट सैल झाला, जोडावर गंज आणि तेलकट मळ साचला आणि रोध ०.०२ ओह्म झाला, तर? ३० × ०.०२ = ०.६ व्होल्ट. मापकाचे शून्य सांगाड्यावर आहे, संवेदकाचे शून्य इंजिनावर. दोन्ही शून्ये सारखी आहेत असे मापक समजतो, पण त्यांच्यात ०.६ व्होल्टची दरी पडलेली असते! त्यातले निम्मे, ०.३ व्होल्ट, मापनात घुसले आणि मापकात ०.०२ व्होल्टला एक अंश असे प्रमाण असले, तर चूक १५ अंशांची झाली. सैल जोड थरथरतो, रोध क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून काटाही नाचतो. मोठा दिवा लावला की प्रवाह वाढतो, चूकही वाढते.

आणि तापयुग्म? त्याचा संकेत ७ मिलिव्होल्टांचा, आणि ही दरी ६०० मिलिव्होल्टांची. चांगला मापक दोन तारांमधला फरकच मोजतो, त्यामुळे दोन्हींवर सारखाच आलेला उपद्रव वजा होतो. पण यालाही मर्यादा असते. ती ओलांडली, की आकडे काहीही येऊ लागतात.

मोजून पाहा

आपला तर्क कितीही सुंदर असला, तरी तो मोजमापाने सिद्ध झाला पाहिजे. येथे पुष्कळांची एक चूक होते. ते इंजिन बंद करून रोधमापक लावतात. साध्या मापकाला ०.०२ ओह्म आणि शून्य यांतला फरक दिसतच नाही. शिवाय त्याने सोडलेला प्रवाह इतका थोडा, की सैल जोडही त्याला निमूटपणे वाट देतो. म्हणून जोड कामाला लागलेला असतानाच त्याची परीक्षा घ्यायची. इंजिन चालू, अल्टरनेटर चालू, दिवे लावलेले, आणि विभवांतरमापकाची एक तार इंजिनाला, दुसरी सांगाड्याला. काटा शून्याजवळ राहिला तर पट्टी निर्दोष. अर्धा व्होल्ट दाखवला तर चोर सापडला.

मग अल्टरनेटर बंद करायचा. आता दिव्यांना वीज बॅटरी देते. तिचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे परतीचा प्रवाह पट्टीतून जातच नाही. काटे लगेच शांत झाले, तर तर्काला दुसरा पुरावा मिळाला.

अर्थात ही कामे परवानाधारक अभियंत्याने करायची असतात. भारतात हा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. फिरत्या पंख्याजवळ हौशी माणसाने जाऊ नये.

नुसते काटे बदलले असते तर?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? काटे बदलून टाका! पण सहावी नोंद अजून शिल्लक आहे : स्टार्टर मंद फिरतो. स्टार्टरही इंजिनावरच असतो आणि त्याचा प्रवाह त्याच पट्टीतून जातो. तो २०० अँपिअर धरला, तर ०.०२ ओह्मच्या जोडावर ४ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी १२ व्होल्टांची. स्टार्टरला उरतात ८. तो रडत फिरणारच.

आणि खरा धोका यापुढे आहे. पट्टी पूर्ण तुटली, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. सांगाडा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या दुसऱ्या धातूच्या वस्तू कोणत्या? चालकाच्या हातातून इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या पोलादी केबली! त्या असा प्रवाह वाहून नेण्यासाठी केलेल्या नसतात. त्या तापतात, जळतात, अडकून बसतात. म्हणजे काट्यांची थरथर ही नुसती काट्यांची तक्रार नव्हती. ती एका मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना होती. नवे काटे बसवून आपण तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केले असते, आणि आजार तसाच राहिला असता.

आकाशात नियम वेगळा

"काटा खोटे बोलतो" हे जमिनीवर सिद्ध करायचे असते. हवेत असताना वाईट बातमी खरी धरून चालायचे. तेलाचा दाब शून्य दिसला, तर चालक तेलाचे तापमान वाढते का हे पाहतोच. पण "संवेदक बिघडला असेल" असे म्हणून पुढचा प्रवास करीत नाही. तो जवळच्या धावपट्टीकडे वळतो.

आणि काट्याने चांगली बातमी दिली तर? ती अधिक फसवी. १३ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनला बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ विमान निघाले. इंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून असलेली उष्णता सुरू केलेली नव्हती. तेथील दाब मोजणाऱ्या संवेदकाची भोके बर्फाने बुजली. त्यामुळे इंजिनाचा जोर सांगणारा आकडा २.०४ दिसत होता; खरा होता सुमारे १.७०. बाकीचे काटे मात्र जोर कमी आहे असे सांगत होते. काही तरी बरोबर नाही हे सहवैमानिकाने बोलूनही दाखवले, पण उड्डाण थांबले नाही. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडले. विमानातील ७४ आणि पुलावरील ४, अशी ७८ माणसे गेली. एक काटा खोटे बोलत होता, पण त्याचे शेजारी खरे बोलत होते.

करून पाहा

साहित्य : टॉर्चचे चार सेल, ६ व्होल्टचे दोन छोटे बल्ब, तारा, एक बटण, आणि शिसपेन्सिलीतले शिसे.

चार सेल एकापुढे एक जोडा. धन टोकापासून दोन्ही बल्बांना वेगवेगळ्या तारा द्या. दुसऱ्या बल्बाच्या तारेत बटण ठेवा. दोन्ही बल्बांच्या परतीच्या तारा एकत्र करून शिशाच्या एका टोकाला जोडा. शिशाचे दुसरे टोक सेलच्या ऋण टोकाला. पहिला बल्ब लागेल. आता बटण दाबा. पहिला बल्ब मंद होईल, त्याच्या तारेला तुम्ही हातही लावलेला नसताना! शाळेत विभवांतरमापक असेल, तर बटण दाबण्यापूर्वी आणि नंतर शिशाच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजा. नंतर पहिल्या बल्बाची परतीची तार शिशावरून काढून सरळ ऋण टोकाला जोडा आणि पुन्हा बटण दाबा. शिसे गरम होते, म्हणून बटण फार वेळ दाबून ठेवू नका.

विचार करा

१) स्वतंत्र परतीची तार दिल्यावरही बटण दाबताच पहिला बल्ब किंचित मंद होतो. हा रोध कोठे दडला असेल?
२) इंजिनात ७ किलोग्रॅम तेल आहे. त्याची विशिष्ट उष्णता २,००० ज्यूल दर किलोग्रॅम दर अंश धरा. एका सेकंदात त्याचे तापमान खरोखर १५ अंशांनी वाढायचे, तर किती शक्ती लागेल? १२० किलोवॉटशी तुलना करा.
३) ट्रॉलीचा ब्रेक दाबल्यावर पिवळा दिवा का मिणमिणतो? ब्रेकच्या दिव्यातून निघालेल्या प्रवाहाने परतीची वाट अडल्यावर कोणती वाट धरली, ते आकृती काढून दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडले, तर जवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला विचारा. आणि "अर्थ गेला" हे तुम्ही कशावरून ओळखता, हेही विचारा. तो सांगेल ते वहीत टिपून घ्या आणि वर्गात गुरुजींना वाचून दाखवा.